निवृत्तीनंतर बाबा घरात घुसमटतायत: छंद सुचवण्याआधी एवढं बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. वडील जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातून शाखा अभियंता म्हणून ३१ मे रोजी निवृत्त झाले, वय ५८. सुरुवातीचे महिने छान गेले: सत्कार, अष्टविनायक, घराची रंगरंगोटी. दिवाळीनंतर बिघडलं. सकाळी दहाला इस्त्रीचे कपडे घालून हॉलमध्ये बसतात. दूधवाल्याचा हिशेब, कामवालीची वेळ, आईची फोडणी, सगळ्यात लक्ष घालतात. रात्री तीनला उठून बसतात. ‘आता मी अडगळच’ असं दोनदा म्हणाले. तुम्ही टॅब घेऊन दिलात, हास्यक्लब सुचवलात, पुण्याला या म्हणालात; प्रत्येक गोष्टीला ‘नको’. आणि आई रोज फोनवर रडते.

तुम्ही विचारलंत, ‘त्यांना कशात गुंतवू?’ माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. त्याआधी हे नुसतं निवृत्तीचं दुःख आहे की नैराश्याचा आजार, हे तपासायला हवं. त्यानंतर घरातली जागा आणि वेळ यांची वाटणी. क्रम उलटा झाला की छंद हमखास फसतात आणि मग घरातले म्हणतात, ‘यांना काही करायचंच नाही.’

आधी आजाराचं बोलू. त्या पिढीतला पुरुष ‘मला उदास वाटतं’ असं सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, अंगात त्राण नाही, पोट साफ होत नाही, डोकं जड आहे, कशातच राम नाही. म्हणून त्यांच्या मनःस्थितीबद्दल विचारण्यापेक्षा वागण्यातला बदल मोजा. सलग दोन आठवडे, बहुतेक दिवस, दिवसाचा बराच वेळ पूर्वीची आवडही नकोशी झाली आहे का? पेपर उघडतात पण वाचत नाहीत, क्रिकेट लावतात पण स्कोअर सांगता येत नाही, असं काही? भूक, वजन, लक्ष लागणं, आंघोळ-दाढी यांत फरक पडलाय का? पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही मिळते. तिचे गुण ० ते २७ असतात आणि १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांकडे जायचं. ती त्यांच्यावर परीक्षेसारखी लादू नका, फॅमिली डॉक्टरांच्या हातून भरून घेतली तर बरं.

डॉक्टरांकडे काय तपासायचं तेही सांगते, कारण ‘वय झालं’ म्हणून परत पाठवलेले खूप बघण्यात येतात. हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, बी-१२, साखर, सोडियम आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी. बी-१२ ची कमतरता शाकाहारी घरांत भरपूर आढळते आणि थकवा, विसरभोळेपणा, चिडचिड असं नैराश्यासारखंच सोंग घेते. थायरॉइड मंदावलं तरी तेच. कानही तपासून घ्या. बऱ्याच पुरुषांना साठीच्या आसपास वरच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू यायला लागतात. चार जण एकदम बोलले की त्यांना शब्द लागत नाहीत, मग ते लग्नकार्य टाळतात, आणि घरचे म्हणतात माणूसघाणे झाले. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, अर्ध्या तासात होते.

‘अडगळ’ या शब्दाकडे दुर्लक्ष करू नका. एकदा, दोघंच असताना, सरळ विचारा: ‘बाबा, जगणं नकोसं वाटतं का? जिवाचं काही करावं असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट आधीपासून असेल तर बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल, किंवा ‘हो’ नसलं तरी ते कागदपत्रं, पासबुकं, विम्याच्या पावत्या आवरून आईला समजावून सांगू लागले असतील, तर त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांकडे न्या आणि तोवर एकटं ठेवू नका. स्पष्ट बेत बोलून दाखवला तर आठवड्याचीही वाट न बघता त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात. शेती असेल तर फवारणीची औषधं आणि तणनाशक घरातून हलवा, साठलेल्या झोपेच्या गोळ्याही. टेली-मानस ही सरकारी फोनसेवा १४४१६ वर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. घाबरल्या वेळी आईनेही तिथे फोन करायला हरकत नाही.

आता तीनला उठण्याबद्दल. पहाटे लवकर जाग येणं हे नैराश्याचं लक्षण असू शकतं, विशेषतः सकाळ सर्वांत जड जात असेल आणि संध्याकाळी जरा हलकं वाटत असेल तर. पण कित्येक घरांत कारण साधं गणिताचं असतं. करायला काही नाही म्हणून माणूस नऊला आडवा होतो, साडेनऊला झोप लागते, दुपारी तास-दीड तास झालेलाच असतो. रात्रीचे सहा तास मोजले की साडेतीन वाजतात! शरीराने आपला कोटा पूर्ण केलेला असतो आणि माणूस अंधारात विचार करत पडलेला असतो.

इथे झोपेची गोळी मागण्याआधी वेळा बदलून बघा. उठण्याची वेळ पक्की, समजा साडेपाच, रात्र कशीही गेली तरी. झोपायला जाण्याची वेळ दर तीन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं पुढे ढकलत साडेदहा-पावणेअकरापर्यंत न्यायची. दुपारची झोप जास्तीत जास्त अर्धा तास, तीनच्या आत, आणि गजर लावून. शेवटचा चहा चारला. सकाळी उन्हात अर्धा तास चालणं. रात्री जाग आली आणि वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर अंथरूण सोडून खुर्चीत बसायचं, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचायचं, झोप आली की परत. पहिले आठ-दहा दिवस दिवसा पेंग येते, चिडचिड वाढते, आणि नेमकं तिथेच लोक सोडून देतात. तीन आठवडे नेटाने केलं तर फरक दिसतो. दिसला नाही तर हा मुद्दाही डॉक्टरांच्या यादीत घाला. अल्प्राझोलामसारखी गोळी शेजाऱ्याच्या सल्ल्याने सुरू करू नका. तिची सवय लागते, एकदम बंद केली की झोप आणखी बिघडते, आणि रात्री लघवीला उठताना तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो.

शरीर आणि झोप मार्गी लागेपर्यंत महिनाभर जाईल. दरम्यान निवृत्तीने त्यांचं नेमकं काय गेलं ते समजून घ्या.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲचली यांनी १९७६ मध्ये निवृत्तीचे टप्पे मांडले होते: सुरुवातीचे मौजेचे दिवस, मग भ्रमनिरास, मग नवी घडी बसवणं, शेवटी स्थिरावणं. प्रत्येकजण याच क्रमाने जातो असं नाही, काहींचा मौजेचा काळ कधीच संपत नाही. पण तुमच्या वडिलांचं वर्णन भ्रमनिरासाच्या टप्प्यात चपखल बसतं. सत्काराचे नारळ संपलेत, घराची कामं संपलीत, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं समोर आहेत.

त्यात आपल्याकडे एक खास गोची आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून ही जन्मतारीख लावून टाकलेली एक अख्खी पिढी ३१ मे ला निवृत्त होते. सरकारी हिशेबाने ५८ ला काम संपतं, पण ज्येष्ठ नागरिक व्हायला ६० लागतात, आणि एसटीचं अर्धं तिकीट ६५ ला. म्हणजे हा माणूस कामाचा नाही असं खात्याने सांगितलंय, आणि म्हातारा आहे असं अजून कुणी म्हटलेलं नाही. अशा माणसाला तुम्ही हास्यक्लब सुचवलात. त्यांच्या कानाला ते ‘चला, म्हाताऱ्यांत बसा’ असं ऐकू आलं असणार. नकार समजण्यासारखा आहे.

शाखा अभियंत्याचा फोन दिवसभर वाजत असतो. ठेकेदार, सरपंच, उपअभियंता, कुणाचं बिल, कुणाची मोजणी. त्यांनी मोजमाप पुस्तिकेत नोंद करून सही केल्याशिवाय ठेकेदाराचा पैसा हलत नाही. अशा माणसाचा फोन १ जूनपासून गप्प होतो. दोन-चार महिने जुन्या फायलींबद्दल विचारणा येते, मग तीही थांबते. वडील म्हणत असतील, ‘लोक मतलबी.’ फोन खुर्चीला येत होते हे त्यांनाही कळतं, आणि दुखतं ते तेच. म्हणून ‘अहो बाबा, ते फोन तुमच्या पोस्टला होते’ असं समजावायला जाऊ नका. खरं असलं तरी ते त्यांनी स्वतःच म्हणायचं वाक्य आहे.

नोकरीने पगाराशिवाय त्यांना दिवसाची चौकट दिली, घराबाहेरची माणसं दिली, आणि ‘मी नाही गेलो तर काहीतरी अडेल’ ही खात्री दिली. टॅबने यातलं काहीच भरून निघत नाही, कारण टॅब बंद ठेवला तर कुणाचंही काही अडत नाही. ‘वेळ घालवायला’ दिलेली प्रत्येक गोष्ट याच कारणाने फसते. रिकामा वेळ ते सोसू शकतात, आपली कुणी वाट बघत नाही हे सोसवत नाही.

म्हणून काम शोधताना माझी कसोटी अशी: वार आणि वेळ ठरलेली हवी, पलीकडे वाट बघणारा माणूस हवा, त्यांची कमावलेली विद्या वापरली जायला हवी, आणि नीट झालं नाही तर लोकांना कळेल इतपत जोखीम हवी. चौथी गोष्ट लोक विसरतात. अनुभवी माणसाला पोरखेळ लगेच ओळखू येतो.

तुमच्या वडिलांसाठी अशी कामं मुबलक आहेत. गल्लीत, भावकीत कुणाचं तरी घर बांधायला निघालेलं असतंच. स्लॅबच्या आदल्या दिवशी सळईचं अंतर, बांधणी, कव्हर ब्लॉक, सेंटरिंगचे टेकू बघून देणारा आणि नंतर पाणी नीट मारलं जातंय का यावर नजर ठेवणारा माणूस त्यांना सोन्यासारखा असतो. गावच्या शाळेची गळकी खोली, देवस्थानचा सभामंडप, सोसायटीची पाण्याची टाकी यांचं अंदाजपत्रक तपासणं. पॉलिटेक्निकच्या दोन-तीन पोरांना शनिवारी इस्टिमेटिंग शिकवणं. अट एकच, मोजमाप त्यांचं आणि अधिकृत जबाबदारी नेमलेल्या इंजिनिअरची. फुकटच करावं असंही नाही. थोडं मानधन घेतलं तर पुष्कळांना ते काम खरं वाटतं.

विचारायचं कसं, यावर निम्मं यश आहे. तुम्ही सुचवू नका. ज्याला गरज आहे त्यानेच येऊन विचारायला हवं, आणि सल्ला मागण्याऐवजी नेमकी मदत मागायला हवी. ‘काका, कधीतरी या बघायला’ हे निमंत्रण हवेत विरतं. ‘काका, गुरुवारी स्लॅब आहे. बुधवारी संध्याकाळी पाचला सळई बघून द्याल का? मी घ्यायला येतो’ याला नाही म्हणणं अवघड जातं. पुतण्याला किंवा शेजाऱ्याला हे आधी सांगून ठेवा, पण गरज खरी असू दे. नाटक उघडं पडलं तर पुढची खरी विनंतीही ते धुडकावतील.

पहिल्या महिन्यात आठवड्याला एकच बांधिलकी. जमलं तर दोन, मिळून सहा ते आठ तास. याहून जास्त नको, कारण इथे उलटा अपघातही होतो. माणूस झपाटल्यासारखा सोसायटीचा सेक्रेटरी, देवस्थानचा विश्वस्त, ज्येष्ठ नागरिक संघाचा खजिनदार असं सगळं एकदम अंगावर घेतो, जुन्या साहेबी आवाजात लोकांना झापतो, आणि सहा महिन्यांत भांडून घरी येऊन बसतो. तो दुसरा नकार पहिल्यापेक्षा जास्त लागतो. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीपासून तर पहिलं वर्षभर चार हात लांब राहिलेलं बरं. तिथे नोकरीत असलेल्यांचाही रक्तदाब वाढतो. सल्ला ऐकला गेला नाही तर काय, हेही आधीच बोलून ठेवा: कार्यालयात सही होती, इथे फक्त शब्द आहे.

आता आईकडे येते, कारण तुमच्या प्रश्नात त्या एका ओळीत आल्यात आणि त्रास बहुधा त्यांनाच जास्त आहे. तीसेक वर्षं सकाळी दहा ते संध्याकाळी सहा हे घर त्यांचं होतं. केव्हा बसायचं, कुणाशी फोनवर बोलायचं, दुपारी काय बघायचं, हे त्या ठरवत होत्या. आता त्याच वेळेत घरात एक साहेब आहे ज्याच्याकडे स्टाफ नाही. जपानमध्ये १९९१ साली डॉ. नोबुओ कुरोकावा यांनी नवऱ्याच्या निवृत्तीनंतर बायकांना होणाऱ्या शारीरिक-मानसिक त्रासाला स्वतंत्र नाव दिलं होतं. म्हणजे हे फक्त तुमच्या घरात घडतंय असं नाही.

स्वयंपाकघरातला प्रसंग साधारण असा असतो. ते डबे उघडून बघतात, म्हणतात, ‘डाळ दोन ठिकाणी का ठेवलीय?’ त्या म्हणतात, ‘एक जुनी आहे, आधी संपवायची.’ ते म्हणतात, ‘मग डब्यावर तारीख लिहायला काय होतं?’ सूचना चुकीची नाही. पण आईंना ऐकू येतं ते ‘इतकी वर्षं तू चुकीचं करत होतीस.’ आणि आईंनी ‘तुम्ही बाहेर जा हो’ म्हटलं की वडिलांना ऐकू येतं ते ‘तुझी इथेही गरज नाही.’

यावर उपदेश चालत नाही, वाटणी चालते. दोघांशी वेगवेगळं बोला, मग एकत्र. सकाळी दहा ते एक दोघं वेगळ्या जागी किंवा निदान वेगळ्या खोलीत. एकमेकांना हाक नाही. घरातलं एक काम पूर्णपणे वडिलांचं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. समजा भाजी. काय आणायची हे तेच ठरवणार, आणणार, निवडणार, फ्रीजमध्ये लावणार. पालक जास्त आणला तर आईंनी बोलायचं नाही. दोन दिवस पालक खायचा. ‘मदत’ म्हणून अर्धवट दिलेलं काम भांडण वाढवतं, कारण देखरेख दुसऱ्याकडे राहते. आणि आईंच्या पद्धतींवर सहा महिने शेरे बंद.

आईंची भिशी, भजनी मंडळ, मैत्रिणींबरोबरचं फिरणं बंद पडलंय का, ते विचारा. ‘हे एकटे घरी असतात’ म्हणून बायका सगळ्यात आधी ते सोडतात, आणि मग घरात दोन कोंडलेली माणसं होतात. ते आधी सुरू करा. त्यांचीही झोप, भूक आणि तपासण्या बघा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तुम्हीच ताडून बघा. पेन्शन किंवा उपदान (ग्रॅच्युइटी) अडकलंय का? विभागीय चौकशी चालू असेल तर तात्पुरतं पेन्शन मिळतं, उपदान थांबतं, आणि अशा वेळी समुपदेशनापेक्षा कार्यालयातला पाठपुरावा जास्त कामाचा. तो तुम्ही किंवा एखाद्या माहितगार सहकाऱ्याने करावा, कारण जिथे साहेब होते तिथे खेटे घालणं त्यांना झोंबतं. अंशराशीकरण, म्हणजे पेन्शनचा काही भाग एकरकमी आगाऊ, घेतलं असेल तर हातात येणारं पेन्शन अपेक्षेपेक्षा कमी दिसतं. पेन्शनचा कमाल ४० टक्के भाग असा घेता येतो आणि पूर्ण पेन्शन १५ वर्षांनी पूर्ववत होतं. हे कागदावर मांडून दाखवलं की निम्मी धास्ती जाते. आलेली मोठी रक्कम लगेच कुणाच्या फ्लॅटमध्ये, तुमच्यासुद्धा, घालायला लावू नका. पैशावरचा ताबा गेला की उरलेला मानही गेला असं वाटतं. संध्याकाळची दारू वाढली असेल तर तीही डॉक्टरांना सांगा. दारू झोप लावते आणि तीनला उठवतेही.

पुण्याला न्यावं का? पहिल्या वर्षात नको. ओळखीचा पेपरवाला, रस्त्यात ‘साहेब’ म्हणणारी दोन माणसं, साताऱ्यातली अजिंक्यतारा किल्ल्याची वाट, हे सध्या त्यांचं उरलेलं भांडवल आहे. तुमच्या फ्लॅटमध्ये तुम्ही दोघं कामावर गेल्यावर ते हॉलमध्येच बसतील, फरक एवढाच की खाली ओळखीचं कुणी नसेल. पंधरा दिवस बोलवा, परतीचं तिकीट आधी काढून. जीव धोक्यात वाटत असेल तर मात्र हा नियम बाजूला ठेवा.

डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं तर गोळ्यांना घाबरू नका. औषध लिहून देणं हे माझं काम नाही, पण घरच्यांनी काय लक्षात ठेवायचं ते सांगते. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारख्या गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला सहा-आठ. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता होऊ शकते. ‘सोसत नाही’ म्हणून तिथेच बंद केल्या जातात. बरं वाटल्यावरही किमान सहा महिने चालू ठेवायच्या असतात आणि थांबवताना हळूहळू कमी करायच्या असतात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, दोन्ही मिळून सोडियम उतरू शकतं. एकाएकी गोंधळल्यासारखं वागले, तोल जाऊ लागला तर लगेच सोडियम तपासा.

राहिलं तुमचं फोनवरचं बोलणं. ‘जेवलात का, गोळी घेतली का, फिरायला गेलात का’ हे तीन प्रश्न आठवडाभर बंद ठेवून बघा. हे आजाऱ्याला विचारायचे प्रश्न आहेत. त्याऐवजी त्यांना ठाऊक असलेलं काहीतरी विचारा आणि त्याचा खरंच उपयोग करा. तुमच्या फ्लॅटच्या बाथरूमची भिंत ओल धरत असेल तर फोटो पाठवा, त्यांचं म्हणणं प्लंबरला सांगा, आणि काय झालं ते संध्याकाळी कळवा. आईंना मात्र वेगळा फोन करा, त्यांच्या फोनवर, वडील भाजी आणायला गेलेले असतील तेव्हा.